बुडखा पूर्वेला

सार्पिन सुताराच्या अंगणात दोन घरं समोरासमोर उभी होती. एक त्यानं स्वतः बांधलेलं, चाळीस वर्षांचं, सागाच्या खांबांवरचं, आता थोडं पश्चिमेकडं कललेलं. दुसरं त्याची लेक विनार्नी तैवानात एका परक्या म्हातारीची सेवा करून बांधत होती. त्याच्या भिंती पांढऱ्या हलक्या ठोकळ्यांच्या होत्या, उन्हात डोळे दिपवणाऱ्या, आणि त्याला अजून छप्पर नव्हतं. सावरीची बोंडं फुटायचे दिवस. कापूस उडत यायचा आणि त्या उघड्या खोल्यांच्या कोपऱ्यात साठायचा. सार्पिनची बायको रुबिनेम रोज तो झाडून काढायची. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता, आणि हे ठोकळे एकदा पाणी प्यायले की महिनोन्महिने सुकत नाहीत, असं गवंडी बजावून गेला होता.

जुन्या घराच्या मागच्या वळचणीला, जमिनीपासून वीतभर उंच, एक सागाचं लाकूड आडवं ठेवलेलं होतं. विनार्नी जन्मली त्या आठवड्यात सार्पिननं हे झाड लावलं होतं. चार वर्षांपूर्वी, पानगळ झाल्यावर, त्यानं ते तोडलं, तासलं, आणि तेव्हापासून दर महिन्याला कूस बदलून सुकवलं. हे विनार्नीच्या घराचं आढं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांच्या त्रेंगालेक जिल्ह्याच्या डोंगरात आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, हा घराचा जीव. ते ज्या दिवशी चढतं त्या दिवशी त्याला तांबडं-पांढरं फडकं बांधतात, भाताच्या लोंब्या, केळ्यांचा घड, शहाळं बांधतात, आणि मगच घर घर होतं.

शिवाय लाकडाला बुडखा असतो आणि शेंडा असतो. खांब उभा करायचा तो बुडखा खाली ठेवून, झाड उभं होतं तसा. आढं घालायचं ते बुडखा पूर्वेला ठेवून. उलटं पडलं तर त्या घरातली माणसं त्या घरात टिकत नाहीत, बाहेरच राहतात. सार्पिननं साठाच्या वर आढी चढवली होती, आणि एकाचाही बुडखा कधी चुकला नव्हता. ह्या एका गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

संध्याकाळी विनार्नीचा फोन आला. रुबिनेमनं तो पाण्याच्या रांजणाला टेकवून ठेवला, म्हणजे लेकीचा चेहरा दोघांना दिसावा.

"पाक, जेवलात?" तिनं बापाला विचारलं.

"जेवलो. तू छपराचं सांग. कौलं मी बघून ठेवलीत. वाशांना लाकूड..."

"पाक, ऐका तरी." तिनं नजर खाली केली. "छप्पर पोलादाचं करायचं. मी दार्कोदादाशी बोललेय. दोन दिवसांचं काम हाय, म्हणतो."

रुबिनेम पदरानं उगाच रांजणाचं झाकण पुसायला लागली.

"सुताराच्या लेकीच्या घराला पत्र्याचं छप्पर," सार्पिन अखेर म्हणाला. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोक कुठं हायेत पाक गावात? छप्पर चढवायला वीस माणसं लागतात, कुठनं आणणार? आणि वर कोण चढणार, तुम्ही?" तिचा आवाज चिरकला. "गेल्या वर्षी तुम्ही स्वयंपाकघराच्या छपरावरनं पडलात. मनगट मोडलं. मी इथं दुसऱ्याच्या आईला भरवत बसले होते. मला चार दिवसांनी कळलं."

"माणसं मी आणतो," सार्पिन म्हणाला. "तू नको काळजी करू."

"आणा. आठ दिवसांत आणा. न्हाईतर दार्कोदादा."

दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं गुंडाळून सार्पिन निघाला. छप्पर चढवायचं असलं की गावभर नुसतं सांगत जायचं, म्हणजे माणसं आपापल्या दोऱ्या घेऊन येतात, जेवून जातात. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. असंच चालत आलं होतं. पण पहिल्या घरी म्हातारी कसावा सोलत बसलेली. पोरगा कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, पलीकडच्या बेटावर मोठमोठ्या इमारती बांधतात तिथं गेलाय. दुसऱ्या घरचे दोघं भाऊ मलेशियात. तिसऱ्याला कुलूप. चौथ्या घरी जावई होता, पण तो सायकलीवरनं पडल्यासारखा लंगडत होता, आणि खरं म्हणजे त्याला यायचंच नव्हतं.

शाळेमागं राहणारा लासिमिन मात्र घरी होता. त्याच्या जोडीनं सार्पिननं तरुणपणी निम्मं गाव बांधलं होतं. लासिमिन ओट्यावर लवंगी सिगारेट ओढत खोकत होता.

"येतोस का रे छपराला?"

"येतो की. पण माझा श्वास मलाच पुरत न्हाई, तुझ्या वाशांना कुठनं देऊ?" लासिमिन हसला आणि हसता हसता पुन्हा खोकला. "सार्पिन, आपल्या गावात आता दोनच जातीची माणसं उरलीत. बायका, आणि आपण."

आठ दिवसांत सार्पिनला सात माणसं मिळाली. सगळ्यात धाकटा एकसष्टचा. आठव्या दिवशी संध्याकाळी रुबिनेम कोंबड्यांना दाणे टाकता टाकता नवऱ्याला म्हणाली, "पाक्ने, जावा दार्कोकडं. तुम्हीच जावा. पोरीनं सांगितलंय म्हणून तो येईलच, पण तुम्ही बोलावलंत तर बरं वाटंल त्याला."

दार्को अकरा वर्षं सार्पिनच्या हाताखाली होता. रंधा कसा धरायचा इथपासून सगळं त्यानं सार्पिनकडून घेतलं. रोज काम सुटलं की तो अवजारं पुसून पेटीत घालायचा आणि त्याला थोरला काका मानून विचारायचा, "पाकडे, उद्या किती वाजता येऊ?" आणि सार्पिन रोज एकच उत्तर द्यायचा, "दव सुकायच्या आत." सहा वर्षांपूर्वी दार्को शहरात जाऊन पोलादी छपरांचं काम शिकून आला. तेव्हापासून सार्पिन त्याला चारचौघांत 'पत्र्याचा सुतार' म्हणायचा. गावातली शेवटची सोळा छपरं त्या पत्र्याच्या सुतारानं केली होती, आणि सार्पिननं तेवढ्या काळात खुराडी केली, विळ्यांच्या मुठी बसवल्या, आणि एक पाळणा केला.

दार्कोनं त्याला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. तेवढा मान त्यानं ठेवला होता.

"ये सोमवारी," सार्पिन म्हणाला. "पण आढं माझं घालायचं."

दार्कोनं मान खाली घातली. "पाकडे, ते न्हाई जमायचं. पोलादाच्या छपराला आढंच नसतं. नुसत्या कैच्या, म्हणजे तिकोनी सांगाडे, एकापुढं एक. कुठली पट्टी किती लांब, कुठं किती स्क्रू, सगळं गणित कंपनीकडनं फोनवर येतं. त्यात माझ्या मनानं काही घातलं तर हमी जाते. सागाचं वजन त्या कैच्यांना पेलायचं न्हाई."

"म्हणजे पोरीच्या घरात माझं एक लाकूड जाणार न्हाई."

दार्को चाचरत म्हणाला, "सोमवारी तुम्ही या ना. खाली राहून पट्ट्या द्यायला माणूस लागतोच. म्हणजे... तुमचं तेवढं लक्ष राहील."

सार्पिन उठला. ज्यानं ह्या माणसाला पटाशी धरायला शिकवली, त्याला तो पट्ट्या द्यायला बोलावत होता, आणि वाईट हे की तो हे चांगल्या मनानं म्हणत होता. सार्पिन घरी आला आणि बायकोशी दोन दिवस बोलला नाही. सोमवारी सकाळी मात्र तो डोक्याला फडकं बांधून नव्या घरापाशी उभा होता. आपल्या लेकीच्या घराला कोण कसा हात लावतो हे बघितल्याशिवाय त्याला राहवणार नव्हतं.

ट्रकमधून चंदेरी पट्ट्यांच्या मोळ्या उतरल्या. दार्कोची चार माणसं, सगळी पंचविशी-तिशीतली, पायात बूट, कंबरेला स्क्रूंच्या पिशव्या. अंगणातच पट्ट्या मांडून ती कैच्या जुळवायला लागली. हातातलं यंत्र घुर्र करायचं आणि स्क्रू आत. घुर्र, आत. सार्पिननं आयुष्यभर ऐकलेले आवाज वेगळे होते. करवतीचा, वाकसाचा, एका लाकडाच्या खोबणीत दुसऱ्याचं कुसू बसताना येणारा तो जड, समाधानी ठोका. इथं काही बसत नव्हतं, नुसतं पिळलं जात होतं. पहिल्या तासातच पट्टीच्या धारेनं त्याचा अंगठा कापला. लाकूड कधी असं कापत नाही, कुसळ तेवढं घुसतं. त्यानं अंगठा तोंडात घातला, मग फडक्याची चिंधी गुंडाळली आणि पुढची पट्टी दिली.

दहाच्या सुमाराला दार्कोनं घराच्या मध्यावर एक लहानशी पेटी ठेवली. तिच्यातून लाल रेघ निघाली आणि चारी भिंतींवर एका उंचीवर उमटली. सार्पिन बघत राहिला. मग तो घरात गेला आणि आपली पारदर्शक नळी घेऊन आला. पाणी भरलेल्या ह्या नळीनं त्यानं सगळ्या गावाच्या पाणसळी काढल्या होत्या. एक टोक रुबिनेमच्या हातात देऊन त्यानं दुसरं टोक उत्तरेच्या कोपऱ्यात भिंतीला लावलं.

"थांबा रे!" तो ओरडला. "हा कोपरा दोन बोटं खाली हाय. तुमच्या लाल रेघेला काय कळतंय!"

काम थांबलं. दार्को परांचीवरून खाली उतरला. त्यानं पेटी पुन्हा लावली, रेघ तिथंच आली. त्यानं पेटी फिरवून दुसऱ्या जागेवरून लावली, रेघ तिथंच. मग तो सार्पिनच्या नळीच्या कडेकडेनं वाकून चालत आला, आणि मध्यावर थांबून त्यानं नळीवर हळूच टिचकी मारली. आतून हवेचा एक लांबट बुडबुडा हलला आणि वर सरकत बाहेर पडला. दोन्ही टोकांचं पाणी हललं, आणि उत्तरेच्या कोपऱ्यातलं बरोबर लाल रेघेला येऊन थांबलं.

बुडबुडा बोटाएवढा होता. सार्पिनला तो दिसला नव्हता. गेली दोन वर्षं त्याच्या डोळ्यांपुढं धुकं असायचं, पण हे त्यानं रुबिनेमलाही सांगितलं नव्हतं.

"नळी जुनी झालीय," दार्को मोठ्यानं म्हणाला. "प्लॅस्टिक पिवळं पडलं की काही दिसत न्हाई."

दार्कोच्या माणसांतला रेंदी नावाचा एक जण हसला. दार्कोनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसा तो तोंड फिरवून स्क्रू मोजायला लागला. सार्पिननं नळी गुंडाळली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी रुबिनेमनं सगळ्यांना भात, आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे आणि मिरचीचा ठेचा वाढला, तेव्हा तो गवंड्याच्या फळीवर सगळ्यांकडं पाठ करून बसला आणि अर्ध्या भातावरून उठला.

संध्याकाळपर्यंत कैच्या जुळून भिंतींवर उभ्याही राहिल्या. त्यांच्याकडं बघताना सार्पिनला पटायला नको असलेली एक गोष्ट पटत होती. सगळ्या एकसारख्या होत्या. केसाचाही फरक नव्हता. त्याला असं एक छप्पर करायला एक महिना लागला असता.

मंगळवारी सकाळी तो अंगणात आला तर दार्को आणि गवंडी पूर्वेच्या तिकोनी भिंतीवर चढलेले. भिंतीच्या टोकाशी, कैच्यांच्या शेंड्याच्या जरा खाली, ते एक चौकोनी खाच काढत होते. पश्चिमेच्या भिंतीला तशीच खाच आधीच झालेली होती.

"हे काय?"

दार्को घाम पुसत खाली आला. "रात्री कंपनीच्या माणसाला विचारलं. कैच्यांना लाकूड टेकायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. भिंतीवरनं भिंतीवर गेलं तर त्यांची ना न्हाई. कैच्यांच्या पोटातनं सरकवू. कैचीपासून चार बोटं लांब राहील."

"आणि ते पेलणार काय?"

"काही न्हाई, पाकडे."

"म्हणजे माझं आढं तिथं नुसतं झोपून राहणार."

"व्हय. पण घरात राहील."

सार्पिनच्या मनात आलं, ह्याच्या तोंडावर थुंकावं. चौतीस वर्षांचं झाड, चार वर्षांची राखण, आणि ते शोभेला टांगायचं. मग त्याला विनार्नीचा खाली घातलेला चेहरा आठवला, रांजणाला टेकवलेला. तो मागच्या वळचणीला गेला. दुपारपर्यंत तिथून रंध्याचा आवाज येत होता. खाचांच्या मापानं त्यानं दोन्ही टोकं कापली, खाचांत बसतील अशी कुसवं पाडली. बुडख्यावर चार वर्षांपूर्वी लावलेला चुन्याचा ठिपका त्या कापण्यात गेला. तासून चौकोनी केलेल्या लाकडाचा जाड-बारीकपणाही राहिलेला नव्हता. सार्पिननं लाकडाशी डोळे नेले, धुक्यातून रेषा बघितल्या, आणि एका टोकावर कोळशानं बुडख्याची नवी खूण केली.

तिसऱ्या प्रहरी, रुबिनेमच्या निरोपावरून, लासिमिन धरून ते सातही म्हातारे आले. रिकाम्या हातानं कोणी आलं नव्हतं. प्रत्येकाच्या खांद्यावर दोरी होती. गावातली धर्मकार्यं करणारा मोदिन आला, त्यानं दुआ म्हटली. रुबिनेमनं तांबडं-पांढरं फडकं, लोंब्या आणि केळी आढ्याच्या मधोमध बांधली, आणि फोन उंच धरला. त्यात विनार्नी होती, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी.

आढं दोऱ्यांनी पूर्वेच्या भिंतीवरून आत घ्यायचं ठरलं, पश्चिमेचं टोक पुढं करून. म्हातारे खालून ओढत होते, दार्कोची माणसं परांचीवर होती, आणि दार्को स्वतः पश्चिमेच्या खाचेपाशी बसला होता. "हय्या!" लासिमिन ओरडला, आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजली. लाकूड हातभर चढलं, थांबलं, पुन्हा चढलं. सार्पिन खाली उभा राहून हातांनी वर सांगत होता. त्याची पाठ सरळ झाली होती. तेवढा वेळ तो पुन्हा सुतार होता.

पुढचं टोक खाचेत शिरलं आणि दार्कोनं ते दोन्ही हातांनी धरलं. त्याचा अंगठा लाकडावरून सरकत एका गाठीवर आला आणि थांबला. मग त्यानं अंगठा पुन्हा मागं नेला आणि पुन्हा त्या गाठीवरून फिरवला.

सार्पिनला खालून गाठ दिसत नव्हती, पण अंगठ्याची ती मागंपुढं हालचाल ओळखू आली. ते त्यानंच शिकवलं होतं. डोळ्यावर जाऊ नको, गाठीवरून अंगठा फिरव. फांदी नेहमी शेंड्याकडं झुकते. त्यानं कोळशाची खूण आठवली, धुकं आठवलं, आणि त्याला कळलं की पश्चिमेला जातोय तो बुडखा आहे. साठ आढी बरोबर घातली, आणि हे एक उलटं. ह्या घरातली माणसं बाहेरच राहतात. फोनमध्ये त्याची लेक परक्या चुलीपाशी उभी राहून हसत होती.

"थांबा!" वरून दार्को ओरडला. "खाली घ्या! परत खाली घ्या!"

"काय झालं?" मोदिननं विचारलं.

"माझंच चुकलं," दार्को म्हणाला. "ह्या बाजूची खाच मी अरुंद काढलीय. हे टोक बसत न्हाई. फिरवून दुसरं टोक पुढं घालू."

"अरे, आधी मापून घ्यायचं!" एक म्हातारा चिडला. "पत्र्यात काम करून करून लाकडाचं माप विसरलास व्हय!"

"विसरलो खरा," दार्को म्हणाला.

सगळे हसले. रेंदी आणि दुसरे तिघं पण हसले. आढं खाली आलं, अंगणात फिरवलं गेलं, लोंब्यांतले काही दाणे गळले ते कोंबड्यांनी टिपले. पुन्हा दोऱ्या, पुन्हा हय्या, पुन्हा लासिमिनची शिट्टी. ह्या वेळी ते सरळ आत सरकलं आणि दोन्ही खाचांत बसलं. कैच्यांच्या पोटातून, कशालाही न टेकता, बुडखा पूर्वेला. सार्पिनला तोंड उघडून 'चूक माझी' असं म्हणायचं होतं. पण त्यानं खाली पडलेली दोरी गुंडाळायला घेतली, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

सूर्य बुडल्यावर अंगणात चटया टाकल्या. मधोमध पिवळ्या भाताचा सुळका होता, भोवती कोंबडी, अंडी, पालेभाजी. मोदिननं दुआ संपवली, सुरीनं भाताचा शेंडा कापला आणि केळीच्या पानावर घेतला. हा शेंडा घर बांधणाऱ्या मुख्य सुताराचा. मोदिननं सवयीनं तो सार्पिनपुढं धरला. गेली चाळीस वर्षं त्यानं तो सार्पिनपुढंच धरला होता.

सार्पिननं पान दोन्ही हातांनी घेतलं. मग तो उठला. गुडघ्यांनी कुरकुर केली. म्हाताऱ्यांच्या ओळीमागं, दार्को आपल्या माणसांत बसला होता तिथपर्यंत तो चालत गेला आणि त्यानं ते पान त्याच्यापुढं ठेवलं.

"छप्पर ह्यानं चढवलंय," सार्पिन मोदिनला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि खाच अरुंद नव्हती. आढं मी उलटं दिलं होतं. माझ्या डोळ्यांना आता दिसत न्हाई."

रुबिनेमनं तोंडावर पदर घेतला. दार्कोनं पानाकडं बघितलं, सार्पिनकडं बघितलं, आणि घास घेतला.

माणसं पांगली तशी दार्कोनं आपली यंत्रं पुसून पेटीत घातली. सार्पिन पेटीपाशी येऊन उभा राहिला.

"उद्या कुठं हाय काम?"

"खालच्या आळीला, पाकडे. शाळेच्या शिपायाचं घर."

"किती वाजता येऊ?"

दार्कोचा हात झाकणावरच राहिला. हा प्रश्न त्यानं अकरा वर्षं विचारला होता. त्याचं उत्तर त्याच्या जिभेवर होतं, पण ते चुकीचं होतं.

"दव सुकल्यावर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पोलाद ओलं असलं की पाय घसरतो."

सार्पिननं मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच अंधारात उठला, डोक्याला फडकं बांधलं आणि शिपायाच्या अंगणात जाऊन बसला. अजून कोणी आलं नव्हतं. चंदेरी पट्ट्यांच्या मोळीवर दव साचलं होतं. त्यानं बोटानं एक थेंब पुसला, मग हात मांडीवर ठेवला आणि बाकीचं सुकायची वाट बघत बसला.